प्रजेला विचारा, महाराज

“राणीसरकार, आम्हांला उद्याची सकाळ नको आहे.”

राजा वीरकेतू एवढं बोलला आणि बाकावर बसून राहिला. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. जत्रेतलं नाटक मध्यरात्री लागतं, हे पूजेचं, म्हणून दिवेलागणीलाच सुरू केलेलं. बायकापोरं, म्हातारीकोतारी, सगळा गाव समोर. कुणीतरी उठून बक्षीस दिलं आणि माइकवरून पुकारा झाला, “राजपार्टीच्या हृदयद्रावक अभिनयाबद्दल!”

मी त्या राजाची राणी. हिरवा चुडा, नाकात नथ, डोक्यावर पदर, आणि त्या पदराआड मी, वासुदेव धुरी, दशावतारातली स्त्रीपार्टी. पुरुष असून जन्मभर राण्या केल्या आणि चांगल्या केल्या. माझं नेसणं दाखवून सासवा आपल्या सुनांना कोपराने ढोसत, “बघ, असा नेसूचा आसता.” हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोण सांगणार! या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण ते वाक्य ऐकलं तेव्हा अंगावर आलेला काटा मला अजून आठवतो. समोर टाळ्या वाजत होत्या आणि मला एकट्याला ठाऊक होतं, की हा अभिनय नव्हे.

ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांना एक सांगायला हवं. आमचं नाटक लिहिलेलं नसतं. कंपनीचे मालक, आमचे आप्पा, रंग लावता लावता आख्यान सांगत. राजा राज्य हरतो, राणीला घेऊन वनात जातो, राक्षस राणीला पळवतो, राजा राक्षसाला मारतो. झालं! पुढचं ज्याचं त्याच्या तोंडी. समोरचा बोलेल त्याचा धागा धरायचा आणि पुढे न्यायचा. चुकीचा असला तरी धरायचा. धागा तोडणाऱ्याला आमच्यात कलाकार म्हणत नाहीत.

त्या दिवशी वनातल्या प्रसंगात राजाने म्हणायचं होतं, “राणीसरकार, धीर धरा, गेलेलं राज्य मी परत मिळवीन.” मग मी पद म्हणणार आणि दाजी राक्षस आरोळी ठोकत येणार. साधा हिशेब. तो राजाने मोडला.

राजा म्हणजे रघुनाथ राऊळ, आमचा रघूदा. दारात वाकून आत यावं लागेल अशी उंची आणि आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या ओळीतला पेंगणारा म्हातारा दचकून उठावा. घरी बायको, आमची शालनवयनी, दोन मुली आणि डोंगराकडेची थोडी काजू. पंचक्रोशीत त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. टपरीवरसुद्धा, “राजा, चाय घेतंस?”

त्या हंगामात राजाचं काहीतरी बिनसलं. जेवायला बसला की भात चिवडून उठायचा. टेम्पोत आम्ही सगळे घोरायचो, हा टक्क डोळ्यांनी बाहेर बघत बसायचा. नाटक संपलं की खोबरेल घेऊन आम्ही तोंडाचा रंग काढत असू. हा तसाच रंगलेल्या तोंडाने सोंगांच्या पेटाऱ्याला टेकून बसलेला. एकदा मी म्हटलं, “रघूदा, तोंड पूस रे.”

“पुसान काय करू?” तो म्हणाला. “खाली कोण आसा?”

आणि गंमत बघा, नेमकं याच दिवसांत त्याचं नाव वाढत गेलं. वनवासाच्या प्रसंगात तो असं काही बोलू लागला, की बाया पदर डोळ्यांना लावत. दुसऱ्या कंपन्यांची माणसं खास त्याचं काम बघायला येत. सुपाऱ्या वाढल्या. आप्पा खूश होऊन सांगत सुटले, “रघूक आता खरो सूर गावलो!” माणूस बुडत होता आणि काठावर उभे राहून आम्ही वाहवा करत होतो. अशी चूक आम्ही नाटकवालेच करू शकतो.

तसे आम्ही अगदीच हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. शालनवयनीने देवळात कौल लावला. कुणाकडून तरी नारळ उतरवून घेतला. आप्पांनी पेटाऱ्यातल्या गणपतीपुढे वेगळं गाऱ्हाणं घातलं. देवाने काही ना म्हटलं नाही, पण रघूदाला झोपही आली नाही. शेवटी एका दुपारी ओहोळाकाठी तो एकटा बसलेला पाहून मीच विषय काढला.

“रघूदा, कुडाळात एक डॉक्टरीण आसा. मनाची. माझ्यावांगडा चल.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरलो.

“माका येडो ठरवतंस?”

“माझी आये गेली तेव्हा मी गेल्लंय तिच्याकडे. वरसभर गोळ्यो खाल्लंय. मी येडो आसंय?”

“तुझा वेगळा,” तो म्हणाला. “तू लुगडा नेसतंस. तू रडलंस तर लोकांका चलता.” मग मान वळवून, पाण्याकडे बघत, “मी राजा रे. राजाक असला काय होणा नाय.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू! नाकात नथ घालून, गावातल्या टवाळांच्या शिट्या झेलत, अख्ख्या जत्रेपुढे उभं राहायला किती छाती लागते ते या तलवारवाल्यांना काय कळणार? पण रागापेक्षा भीती मोठी होती. कारण त्याच आठवड्यात त्याने आपली तलवार दाजीला देऊन टाकली. कंपनीची नव्हे, स्वतःची, सावंतवाडीहून हौसेने करून आणलेली. “ठेव तुका,” म्हणाला, “माका आता काय करूची आसा?” दाजी बिचारा भोळा, राक्षसाची कामं करून करून आतून लोणी झालेला. तो आनंदाने तलवार मिरवत फिरला.

आणि आता हे. उद्याची सकाळ नको.

टाळ्या थांबल्या. बुवांनी पेटीवर माझ्या पदाचा सूर धरला. मी राजाकडे पाहिलं. कपाळावर गंध, मिशांना पीळ, डोक्यावर झगमगणारा किरीट, आणि त्याखालचे डोळे विझलेले. रंगपटात हा माणूस माझं ऐकत नव्हता, घरी बायकोचं ऐकत नव्हता. पण इथे मी राणी होतो, आणि इथे माझा धागा तोडायची त्याला मुभा नव्हती.

मी हाताने खूण करून बुवांना थांबवलं.

“महाराज,” मी म्हटलं, “आपल्या विवाहाच्या वेळी आपण आम्हांला एक वचन दिलं होतं. मागाल ते देईन, असं. स्मरतं?”

कसलं वचन नि कसलं काय! आख्यानात असलं काही नव्हतं. रघूदाच्या भुवया वर गेल्या. पण इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप हलली.

“स्मरतं, राणीसरकार.”

“ते आज मागते.”

“राज्य उरलं नाही, रत्नं उरली नाहीत. आमच्याकडे मागण्यासारखं आहे तरी काय?”

“उद्याची सकाळ. आपल्याला नको आहे ना? मग ती आमची. उद्या सूर्योदय झाला, की आपण आमच्यासोबत राजवैद्यांकडे यायचं.”

मंडपात खसखस पिकली. त्यांना वाटलं राणीने विनोद केला. पडद्याच्या फटीतून आप्पांचे डोळे दिसले, बटाट्याएवढे झालेले. त्यांच्यामागे दाजी आरोळी ठोकायच्या तयारीने तोंड उघडं ठेवून उभा.

“आम्हांला ज्वर नाही, अंगावर घाव नाही,” राजा म्हणाला. “राजवैद्य करणार काय?”

“डोळ्याला झोप नाही, पोटाला भूक नाही, उजाडलेलं बघायची इच्छा नाही. याला दुखणंच म्हणतात, महाराज. आणि या दुखण्याचे वैद्य आपल्याच मुलखात आहेत. बाजारपेठेत, पहिल्या माळ्यावर.”

पुन्हा हशा. रघूदा हसला नाही. तो उठून उभा राहिला. मृदंगवाल्याने हात आवरला. वाटलं, हा आता किरीट काढून सरळ मंडपाबाहेर चालू लागेल आणि मी त्याला साडी सावरत कुठवर गाठणार?

मग तो बोलला. आवाजात वीरकेतूचा पत्ता नव्हता.

“राणी, राजा असल्या वैद्याची पायरी चढला, तर प्रजा काय म्हणेल?”

एवढंच होतं. ओहोळाकाठी तो माझ्यावर खेकसला होता, पण पोटातलं बोलला नव्हता. ते आता सगळ्या गावासमोर बोलला, आणि गावाला पत्ता नाही. मला उत्तर सुचेना. मला! ज्याने भल्याभल्या राजांची बोलती बंद केली होती. मी नुसता समोर बघत राहिलो, आणि समोर कोण बसलंय ते मला दिसलं.

“प्रजा समोर बसली आहे,” मी म्हटलं. “प्रजेला विचारा, महाराज.”

आमच्या नाटकात प्रेक्षक मधे बोलतात, त्यात नवल नाही. राक्षसाला शिव्या घालतात, राणीला सावध करतात. पण राजाने प्रजेला विचारलेलं कुणी पाहिलं नव्हतं. रघूदा हळूहळू पुढे आला. ज्याच्या आवाजाने कंदील हलायचे तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, “सांगा. जाऊ?”

मग पुढच्या चटईवरून एक म्हातारी हाताचा आधार घेत उठली.

“जा रे झिला, जा!” ती म्हणाली. “वैदाकडे जावक कसली लाज? माझो झील असोच बसान रवायचो. मीच म्हटलंय, बापयाक काय होवचा आसा! गेलो नाय तो खय. आज नाय हा माझो झील.” तिने पदराने तोंड पुसलं. “तू जा.”

तिला हे नाटक वाटलं, की मुलगा गमावलेल्या आईच्या नजरेने तिने खरं ओळखलं, ते मला आजवर कळलेलं नाही. ती खाली बसली आणि मागून कुणीतरी ओरडलं, “जा राजा!” मग पोरं ओरडली, मग बाया, मग मंडपाच्या खांबांना टेकून उभे असलेले, हाताची घडी घातलेले बापये, पुरुषमाणसं. “जा राजा, जा!” सगळा मंडप त्याला जा म्हणत होता.

रघूदाने माझ्या हातावर हात ठेवला. माझा चुडा वाजला.

“दिलं वचन,” तो म्हणाला, आणि रडला. मोठ्याने, हुंदके देऊन, किरीटासकट. मी त्याला धरून उभा राहिलो. राण्या केल्या त्या सगळ्या त्या एका मिनिटासाठी केल्या, असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

पुढे दाजी आला, आरोळी ठोकली, मला पळवलं आणि रीतसर मेला. त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही.

रंगपटात आप्पा माझ्यावर धावून आले. “वासू, मेल्या, माझा आख्यान खय न्हेलंस?”

मी काही बोलायच्या आत रघूदा म्हणाला, “जाऊंदे आप्पा. ता नाटकातला बोलणा. नाटकात काय, आमी रोज राक्षस मारतंव.” तोंडावरचा रंग ओघळलेला, पण नजर पुन्हा तशीच. तो निसटत होता.

“वचन देताना डोक्यावर काय होता तुझ्या?” मी विचारलं. “किरीट मां?”

आमचा किरीट पुठ्ठ्याचा आणि बेगडाचा. पण तो पेटाऱ्यात गणपतीच्या शेजारी असतो आणि पाया पडल्याशिवाय कुणी डोक्याला लावत नाही. तो उतरेपर्यंत माणूस स्वतःचा नसतो, असं आमचे जुने लोक मानत. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग रघूदाकडे. इतके दिवस ज्याला ते सूर म्हणत होते तो काय होता, ते त्यांना तिथे उभ्याउभ्या कळलं. ते मटकन बाकावर बसले.

“रघू,” ते म्हणाले, “किरीट डोक्यावर आसताना दिललो शब्द. तो मोडलंस तर माझ्या पेटाऱ्याक परत हात लावूचो नाय.”

सुपाऱ्यांनी हंगाम भरलेला असताना मालक हे बोलले. आप्पांना मी पुष्कळदा चिक्कू म्हटलंय, पण त्या शब्दांसाठी त्यांना शंभर खून माफ.

सकाळी माझ्या स्कूटरवर मागे राजा. कुणी ओळखू नये म्हणून तोंडाभोवती टॉवेल गुंडाळलेला. जणू तेवढ्या उंचीचा दुसरा माणूस तालुक्यात होता! दवाखान्याचा जिना चढताना वरून एक ओळखीचा काजूवाला उतरला. “राजा! तू हंय खय?”

रघूदा जागच्या जागी थिजला. मला वाटलं, गेलं सगळं मुसळ केरात. पण त्याने टॉवेल सोडला, खांद्यावर टाकला आणि म्हणाला, “राणीक वचन दिलंय,” आणि वर चढला. काजूवाला माझ्याकडे बघायला लागला. मीही शर्टपँटमधल्या राणीला शोभेल एवढा तोरा दाखवून वर गेलो.

तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि हातात चिठ्ठी होती. जिना उतरताना म्हणाला, “वासू, तिना विचारल्यान, कधीपासून होता ह्या? इतक्या दिवसांत कोणीच विचारूक नाय. सगळे म्हणत, काय भारी बोललंस.”

चार दिवसांत माणूस टुणटुणीत झाला, असं मी सांगणार नाही. गोळ्या बदलाव्या लागल्या. उरलेला हंगाम तो घरीच राहिला. मधे एकदा त्याने गोळ्या, डॉक्टर सगळं सोडून दिलं, तेव्हा शालनवयनीने त्याला हाताला धरून तो जिना पुन्हा चढवला. मग हळूहळू झोप आली, झोपेमागून भूक आली, आणि एक दिवस भांडण उकरून काढायला तो माझ्या घरी आला. माझी वनातली पदं फार लांबतात म्हणून. मी एवढा खूश झालो की त्याला जेवायलाच बसवलं.

दुसऱ्या हंगामापर्यंत बातमी गावोगाव गेली होती. एका गावच्या मंडळींनी आप्पांना गाठून सांगितलं, नाटक हवं, पण राजा दुसरा आणा. आप्पांनी ठरावाचा नारळ परत केला. म्हणाले, “राजा ह्योच. नको तर कंपनी पण नको.”

अशा त्या हंगामातलं पहिलं नाटक. दरबार भरला, प्रधान पुढे येऊन राज्याची खुशाली सांगू लागला, आणि मंडपाच्या मागून एक जण ओरडला, “राजा, गोळ्यो खाल्लंस मां रे?”

हशा उसळला. मी पडद्याआड उभा होतो. पुढे जाऊन काही करावं तर राणीचा प्रवेश नाही.

आमच्यात राजा कधी मालवणी बोलत नाही. मालवणी बोलायची ती विनोदी पात्राने. राजाची भाषा शुद्ध, ग्रंथातली. रघूदा बाकावरून उठला. संथपणे चालत पुढे आला, माइक हाताने बाजूला केला आणि आपल्या घरच्या, ओटीवरच्या मालवणीत त्याने विचारलं,

“खाल्लंय. सकाळी एक खातंय, रात्री एक खातंय. तुका कसलो राजा व्हयो रे? गोळी खाणारो, की हार घातल्ल्या फोटोतलो?”

तो तिथेच उभा राहिला, मागच्या काळोखाकडे बघत, उत्तराची वाट पाहत. खरंच वाट पाहत होता. उत्तर आलं नाही. जन्मभर पुष्कळ राजांच्या राण्या झालो, पण त्या घडीला वाटलं, की एका या राजाची राणी झालो, तेवढं पुरे.

मग तो वळला, बाकावर जाऊन बसला आणि किरीट सरळ केला. प्रधान बिचारा आ वासून उभा होता, त्याचा धागा कधीच सुटला होता.

“बोला प्रधानजी,” राजा म्हणाला, “आपण कुठवर आलो होतो?”